माझी कंबर आणि बारागाड्या

माझी बायको पायाळू असताना मी पाठीत लाथ खायला तीन कोसांवरच्या गावी गेलो.

हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. कारण पुढे मी कितीही निर्धाराच्या गोष्टी सांगितल्या तरी आमच्या घरी हीच गोष्ट निघते, आणि ती सांगणारी माणसं माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतात.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. सकाळी बायको सडा टाकायला बाहेर आली की ओट्याशी कंबर धरलेली एक-दोन माणसं उभी असायचीच. ती हातातली बादली खाली ठेवायची, डाव्या पायाचा अंगठा त्यांच्या पाठीला तीनदा टेकवायची, दोन दिवस ओझं उचलू नका म्हणून बजावायची आणि पुन्हा सड्याला लागायची. मी लोकल बोर्डाच्या शाळेतला मास्तर. गुण अंगठ्याचा नाही, दोन दिवस ओझं न उचलण्याचा आहे, असं मी तिला अनेकदा शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं होतं. ती म्हणायची, असेल. पण अंगठा लावल्याशिवाय कोणी दोन दिवस बसत नाही.

लढाईचे दिवस होते. आमचं गाव फैजपूरच्या बाजूचं, केळीच्या बागांमधलं. गावच्या देवीची जत्रा चैत्रात असते आणि जत्रेला बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या बैल सोडून एकामागे एक साखळीसारख्या बांधायच्या, त्यांवर माणसं लादायची, आणि अंगाला हळद फासलेल्या भगताने कमरेला दोर बांधून त्या देवळापर्यंत न्यायच्या. भगताच्या दोन्ही बगलांना त्याला सावरणारे दोन गडी पळतात, त्यांना बगले म्हणतात. भगताचा मान आमच्या घराचा. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तीस वर्षं गाड्या ओढल्या. त्या वर्षी त्यांनी हात वर केले आणि हळद माझ्या अंगावर आली. मी एकुलता एक.

आता माझी शरीरयष्टी अशी की वारा सुटला की धोतर आधी पुढे जातं आणि मी मागून. पण मान सोडायचा नव्हता. लहानपणी मी पहिल्या गाडीत पुढे बसून आबांची पाठ बघितली होती. ती पाठ, तो दोर आणि मागे खडखडणाऱ्या बारा गाड्या. पुढे ट्रेनिंगला आणि नोकरीला बाहेरगावी गेलो, जत्रा चुकत गेल्या, पण आदल्या पावसाळ्यात बदली होऊन गावात परतलो तेव्हाही ते चित्र डोक्यात पक्कं होतं. बारा ओढायच्या तर एकीपासून सुरुवात करावी, असा गणिती विचार करून मी जत्रेच्या आधी महिनाभर खळ्यामागे एक गाडी शेणखताने भरली, कोणी बघत नाही असं पाहून कमरेला दोर बांधला, वाकलो आणि हिसका दिला.

गाडी जागची हलली नाही. माझ्या कमरेत मात्र काहीतरी हललं.

घरी भिंत धरून आलो. बायकोने एका नजरेत ओळखलं. उसण भरली होती, एवढंच. चार दिवस गप्प बसलो असतो तर उतरलीही असती. पण घरात पेच वेगळाच पडला. सगळ्या गावाला पाय लावणारी बाई नवऱ्याला पाय कसा लावणार? तिनेच तोड काढली. लाटण्याला अंगठा लावते आणि ते लाटणं तुमच्या पाठीवरून फिरवते, म्हणाली. मी हसलो. एवढ्या जोराने हसलो की कमरेत चमक निघाली आणि अर्ध्यात थांबलो. लाटण्यातून गुण वाहत नाही, असं मी तिला सांगितलं. म्हणजे अंगठ्यातून वाहतो हे मी बोलता बोलता कबूल केलं होतं, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं.

दुसऱ्या दिवशी मी फैजपूरकडे निघालो. तिथल्या एका गावात पुरुष पायाळू होता. त्याची ख्याती मोठी होती. तो पैलवान आहे एवढी एकच गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. त्याने मला आखाड्याच्या कडेला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, कुठे दुखतं विचारलं, आणि मी बोट लावून दाखवतो आहे तोवरच टाच हाणली. बोट वाचलं. भेंडी मोडावी तसा आत आवाज झाला आणि कमरेपासून उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज सळसळत गेली. पैलवान म्हणाला, उतरली. ते खरं होतं. कमरेतली उसण उतरली होती, फक्त ती पायात उतरली होती.

मला घरी आणलं ते गाडीत, केळीच्या पाल्यावर आडवं घालून. बायको दारात आली, पाल्यात गुंडाळलेला नवरा तिने पाहिला आणि म्हणाली, "घरचा पाय फुकट व्हता ना, म्हणून नाई चालला तुमाले."

पुढचे आठ दिवस आमच्या घरात वैद्यकाचं प्रदर्शन भरलं. निरगुडीचा पाला झाला, एरंडेल झालं, गरम विटेचा शेक झाला. एकाने बिब्ब्याचे चटके दिले, ते डाग अजून आहेत. खोकला आला तरी मी आधी उशी शोधायचो, कारण खोकल्याबरोबर पायात सुरी फिरायची. पण दुखण्यापेक्षा वेगळीच गोष्ट मला घाबरवून गेली. नवव्या दिवशी मी काठी धरून पारापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, तर मागून एक म्हातारी माझी उजवी चप्पल हातात घेऊन आली. चप्पल वाटेतच गळली होती आणि मला पत्ता नव्हता. पाऊल वर उचललंच जात नव्हतं. मी पाऊल उचल म्हणून सांगायचो आणि ते दुसऱ्याचं असल्यासारखं पडून राहायचं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःहून डॉक्टरचं नाव काढलं.

भुसावळला एक डॉक्टर होते. बरीच वर्षं रेल्वेत नोकरी करून आता स्वतःचा दवाखाना चालवत. इंजिनात कोळसा टाकणारे आणि मालधक्क्यावरचे हमाल यांच्या पाठी तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. पेट्रोल मिळत नसल्याने मोटारी तेव्हा कोळशाच्या भट्टीवर चालत. तसल्या मोटारीत मागच्या बाकावर पालथा पडून मी भुसावळला गेलो. प्रत्येक खड्ड्याला मी ज्या शब्दांत दाद दिली ते शब्द मी वर्गात कधी शिकवलेले नाहीत.

डॉक्टरांनी मला उताणं निजवून उजवा पाय सरळ वर उचलला. वीतभर उचलला नाही तोच मी ओरडलो. मग पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाले, हे माझं बोट वर ढकला. मी सगळा जोर लावला. बोट तिथंच राहिलं. लघवीला अडचण होते का, हे त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग लाथेची हकीकत ऐकली. ते हसले नाहीत, म्हणून मला जास्त लाज वाटली.

त्यांनी समजावलं ते मी पुढे शेकडो लोकांना समजावलं आहे. दोन मणक्यांच्या मधे एक मऊ गादी असते. वाकून हिसका दिला की तिची कड चिरते. पिकलेलं केळ दाबलं की साल फाटून गर बाहेर येतो, तसा तिचा गर मागे येतो आणि पायात जाणाऱ्या शिरेवर बसतो. विलायतेतले सर्जन हल्ली पाठ उघडून तो काढतात म्हणे, पण तो विचार मुंबईला जाऊन करावा लागेल, आणि तोही पाऊल आणखी लुळं पडलं तर. बहुतेकांचा गर महिन्या-दोन महिन्यांत आपोआप आकसतो. तोवर फळीवर निजायचं. गादी नको, बाज नको. दुखणं उतरलं की पडून राहायचं नाही, उठून चालायचं.

मी विचारलं, गाड्या?

"मास्तर, वाकून ओढणं तुमचं संपलं," डॉक्टर म्हणाले. "हा गर पुन्हा बाहेर आला तर पाऊल परत येईलच असं मी सांगत नाही."

त्या वर्षी गाड्या चुलतभावाने ओढल्या. तो माझ्या दीडपट. मी दाराजवळ फळीवर आडवा पडून फक्त आरोळी ऐकली. जत्रा झाल्यावर पंच घरी आले. भगताला दुखणं येतं, देवी समजून घेते, म्हणाले. एक वर्ष चालेल. पण लागोपाठ दुसऱ्या वर्षी हे घर उभं राहिलं नाही तर मान चुलत घराकडे जाईल, मग मागून भांडायचं नाही. आबा कोपऱ्यात बसले होते. ते ज्या तऱ्हेने खांबाकडे बघत राहिले ते बघून मी फळीवरूनच सांगितलं, की पुढच्या वर्षी मीच.

डॉक्टर नको म्हणालेत हे पंचांना सांगितलं नाही. आबांनाही नाही. बायकोला सांगावं लागलंच नाही, ती भुसावळला बरोबर होती.

मग मी शाळेसारखं वेळापत्रक लावलं. तीन आठवडे फळी. चौथ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची. घरात येणारा प्रत्येक जण विचारी, मास्तर काय शोधू रायले? मग अंगणात दहा फेऱ्या, पुढे पारापर्यंत, मग मळ्यापर्यंत. खाली पडलेला खडूसुद्धा कमरेतून वाकून उचलायचा नाही, गुडघे मोडून बसायचं आणि पाठ ताठ ठेवून उठायचं. वर्गात खडू वारंवार पडतो. महिनाभर मी दिवसातून वीस-वीस बैठका काढत होतो, आणि इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यांना वाटलं नव्या पद्धतीची कवायत चालली आहे. त्यांनी शेऱ्याच्या वहीत स्तुती लिहिली. ती मी ठेवून घेतली.

पाऊल मात्र रुसलेलंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाऊल लोंबू देऊ नका, नाहीतर घोटा तसाच आखडेल. बायकोने बैलाच्या तोंडाला बांधायच्या जुन्या मोरकीचा पट्टा काढला, एक टोक चपलेच्या अंगठ्याला शिवलं आणि दुसरं गुडघ्याखाली बांधलं. त्याने पाऊल वर धरलेलं राही. मी चालताना आमचा बैल माझ्याकडे ओळख पटल्यासारखा बघायचा. रोज पट्टा सोडून मी अंगठ्याला सांगायचो, चल, वर. शाळेत टेबलाखाली, जेवताना पाटावर, देवळात घंटेखाली. आषाढ गेला, काही नाही. श्रावणात एका सकाळी अंगठा हलला. गव्हाच्या दाण्याएवढा. मी बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, वाकून बघितलं, आणि आणखी एकदा हलवायला सांगितलं. हलला. तिने पदर डोळ्यांना लावला आणि वर म्हणाली, पीठ गेलं. दिवाळीनंतर मी पट्टा सोडून मळ्यापर्यंत जाऊन आलो आणि दोन्ही चपला माझ्याबरोबर परत आल्या.

याच काळात, रोज चालता चालता, माझं लक्ष आबांकडे गेलं. ते माझ्याबरोबर निघायचे आणि शंभर पावलांवर बसायचे. थकून नव्हे. पाय भरून येतात, मुंग्या येतात, म्हणायचे. दोन मिनिटं दगडावर बसले, की पुन्हा शंभर पावलं. मी त्याला वय समजत होतो. आता पाठीचा पंडित झालो होतो ना. पौषात मी त्यांना गाडीत घालून भुसावळला नेलं. ते येताना भांडत आले, की दुखणं तुझं आणि दवाखाना माझा काबरं?

डॉक्टरांनी त्यांना खोलीत ताठ चालवलं, मग टेबल धरून ओणवं चालवलं. ताठ चालताना पाय भरून आले, ओणवं चालताना आले नाहीत. म्हणाले, म्हातारपणी मणक्यांची हाडं वाढतात आणि शिरांना जागा कमी पडते. पुढे वाकलं की ती जागा थोडी मोकळी होते. हमालांत बघितलंय, अंदाज आहे माझा. यावर औषध नाही, युक्ती आहे. आखूड काठी घ्या, ओणवं चाला, बसावंसं वाटलं की लाज न बाळगता बसा. आणि मग त्यांनी सहज विचारलं, किती वर्षं आहे हे?

आबा म्हणाले, असतील दहा-बारा.

मी चमकलो. गेल्या जत्रेच्या आधीच्या जत्रेपर्यंत हा माणूस बारा गाड्या ओढत होता. शंभर पावलं चालता न येणारा माणूस दोनशे पावलं बारा गाड्या ओढतो कसा, हे मी तिथेच विचारलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना माझ्या शाळेतल्या मुलांची कीव आली असावी.

"ओढते कोन? चाकाले सारा गाव हात लावते. उतार हाये. देवी सगळ्याच्या हातात येते. भगतानं फक्त पुढं पयायचं, गाडीखाली यायचं नाई. वाकून पयलं त मले पाय बी नाई ठनकत."

मी म्हणालो, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

"तू इचारलं कधी?"

शेणखताने भरलेली ती गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. सपाट जमिनीवर, मागे एकही हात नसलेली. लहानपणभर मी आबांची पाठ बघितली होती, गाडीच्या मागे जाऊन एकदाही बघितलं नव्हतं.

डॉक्टर आता मात्र हसले. बराच वेळ हसले. मग चष्मा पुसून गंभीर झाले आणि मला टेबलावर बसवून पुन्हा अंगठ्यावर बोट ठेवलं. मी ढकललं. बोट थोडं मागे गेलं. म्हणाले, ओढायचं नसेल तर प्रश्न कमरेचा उरला नाही, पावलाचा आहे. पळताना अंगठा अडकला आणि पडलात, तर मागून बारा गाड्या येतात. त्या काही मी सांगून थांबायच्या नाहीत. दोनशे पावलं न अडखळता पळून दाखवा, मग काय ते ठरवा. दोर सैल बांधा. हिसका बसला तर आधी दोर सुटला पाहिजे, कंबर नव्हे.

चैत्राला तीन महिने होते. मी पहाटे मळ्याच्या वाटेवर पळू लागलो. आधी तीस पावलं, मग अंगठा मातीत रुतायचा आणि मी केळीच्या खोडाला मिठी मारायचो. मग पन्नास. आबा बांधावर बसून मोजत, आणि माझ्या मोजण्यात नेहमी चार-पाच पावलं जास्त निघत. फाल्गुनात एकशे ऐंशीला पडलो, गुडघे फुटले. बायको हळद लावताना म्हणाली, सोडा आता, मान गेला तर काय भाकर जाते का? मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मला तीच उठवू लागली. जत्रेला पाच दिवस असताना दोनशे दहा झाली. आबांच्या मोजणीने.

बगला म्हणून मी चुलतभावालाच मागितला. लोकांना नवल वाटलं. पण मी पडलो तर मान त्याच्याकडे जाणार होता, आणि तरीही तो मला पडू देणार नाही हे मला माहीत होतं. असा दुसरा गडी गावात नव्हता. तो म्हणाला, "मास्तर, तू फक्त पाय उचल. बाकीचं मी पायतो."

जत्रेच्या दिवशी हळद लावली, दोर बांधला, गाठ सैल ठेवली. उभा राहण्याआधी मी एक काम केलं जे कोणत्याही भगताने केलं नसेल: बाराव्या गाडीपर्यंत मागे चालत जाऊन आलो. प्रत्येक चाकाशी माणसं उभी होती. सोनार होता, तेली होता, वाटेत गळालेली माझी चप्पल आणून देणाऱ्या म्हातारीचा नातू होता, माझ्याकडून छड्या खाल्लेल्या पोरांचे निम्मे बाप होते. मग मी पुढे जाऊन उभा राहिलो.

आरोळी उठली आणि मी पळालो. कंबर ताठ, गुडघे वर, अंगठा वर. अंगठा वर. मागून खडखडाट आला. ऐंशी. शंभर. शंभर पावलांवर मला आबांचा दगड आठवला आणि मी आणखी गुडघे उचलले. एकशे साठच्या आसपास उजवा अंगठा कशात तरी अडकला. मी पुढे झुकलो, जमीन वर आली, आणि त्याच क्षणी चुलतभावाने माझ्या कमरेच्या शेल्यात हात घालून मला उचललं. चार-पाच पावलं मी हवेतच पळालो असेन. पण पाय थांबवले नाहीत. पुन्हा टेकले तेव्हा चालूच होते. देवळाच्या पायरीला माझा हात लागला आणि गाड्या कुरकुरत मागे थांबल्या.

कंबर जागेवर होती. मी पाऊल हलवून बघितलं, वर आलं. पंचांनी नारळ दिला. मान आमच्याकडे राहिला होता. गर्दीतून वाट काढत आबा आले, आखूड काठीवर ओणवे, वाटेत दोनदा बसून. मी वाकून नमस्कार केला, म्हणजे गुडघे मोडून बसलो, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे. छाती फुगली होती. मी म्हणालो, आबा, गाड्या आणल्या.

आबांनी मागे वळून बारा गाड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाड्या त येनारच व्हत्या रे. तू मधात नसता त जरा लवकर आल्या असत्या."